दुसरी कुंची

नगर, गुरुवार

चि. बनूला मनकर्णाआक्काचे पोटभर आशीर्वाद.

आधी हे वाच : कौसा माझी बाळंतीण झाली, लेक झाली, दोघी सुखरूप आहेत. पण बनू, झालं भलतंच. पोट एवढं मोठं, म्हणून आपण जुळं धरून बसलो. तू हौसेनं दोन कुंच्या शिवल्यास.

ऑपरेशन करून डॉक्टरीणबाई बाहेर आल्या. म्हणाल्या, "आजी, बाळ एकच. पिशवीला नारळाएवढी गाठ आहे, तिच्यामुळं बाळ आडवं होतं. आत्ता गाठ काढली तर रक्त थांबायचं नाही, म्हणून राहू दिली."

अगं, त्या गाठीवर रोज हात फिरवून मी 'धाकट्या' म्हणत होते!

कौसानं शुद्धीवर येताच विचारलं, "आई, दुसरं कुठाय?"

तुझी कंबर कशी आहे? दुसरी कुंची उसवू नकोस, पाठव. एक भिजली की दुसरी लागतेच, असं तिला सांगीन.

तुझी आक्का