स्वकष्टार्जित

मी, शिक्षणशास्त्राची निवृत्त प्राध्यापिका, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत आणि राजीखुशीने लिहिते. डोके शाबूत आहे. गुडघ्यांची हमी देत नाही. माझ्यामागे हे घरच्या सगळ्यांसमोर वाचावे. पहिली कलमे वकीलबाई वाचतील, शेवटचे माझा धाकटा भाऊ.

एक. राहते घर माझी स्वकष्टार्जित मिळकत आहे. ते भावाला. त्या दिवशी त्याने वाचले, न वाचले, तरी त्यालाच.

दोन. पुस्तके विभागाच्या वाचनखोलीला. त्यातली चिऊकाऊची वेगळी काढून बालवाडीला द्यावीत. मिसरूड फुटलेल्या मुलाला अक्षरे अडतात म्हणून बाळगोष्टी देऊ नयेत. त्याला वाचता येत नसते, अक्कल भरपूर असते. हे जन्मभर तोंडी सांगितले, आता लेखी देते.

तीन. व्हरांड्यातला मातीचा घडा माजी विभागप्रमुखांना. वाचता न येणाऱ्या मोठ्या मुलांच्या माझ्या वर्गाला ते ‘पालथ्या घड्यावर पाणी’ म्हणत. घडा सुलटा ठेवूनच सुपूर्द करावा. राग आता उरलेला नाही, पण घडा द्यावाच.

चार. ओळीखाली धरायची पुठ्ठ्याची पट्टी भावाला. लहानपणी तो वाचताना अडला की सगळे शब्द पुरवत. आई मायेने, वडील चिडून. शेवटी त्याने शाळा सोडली आणि शिलाई मशिनी दुरुस्त करू लागला. मी या विषयात आले ती त्याच्यामुळे. दुकान मुलाकडे सोपवल्यावर तो माझ्या स्वयंपाकघरात, खिडकीजवळच्या टेबलाशी येऊन बसला. “ताई, जगाच्या पोरांना शिकवलंस, आता मला शिकव.” या मृत्युपत्राचे कळल्यावर म्हणाला, “शेवटचं मी वाचणार. माझ्या पोरांना ऐकू दे.”

त्याचे कलम मी जोडाक्षरांशिवाय लिहिले, तर रुसला. “माझी मिशी पिकली, ताई. मला चिऊकाऊ देतेस?” पहिल्या कलमातला लांबलचक शब्द त्याने आपल्या कलमासाठी मागून घेतला. त्या शब्दाशी त्याचे अजून वैर आहे. तिथे तो थांबला तर कोणीही शब्द पुरवू नये. चहा गार झाला तरी चालेल.

पाच. भाऊराया, घर तुझं. खिडकीजवळचं टेबल हलवू नकोस. तिथे बसून रोज वाच, आवाज काढून वाच. मी ऐकते आहे असं समज. घर मी तुला दिलं. वाचन मी दिलं नाही. ते तुझं आहे, स्वकष्टार्जित.

सही: लिहून देणार, ताई
साक्षीदार: वकीलबाई, कोपऱ्यावरचे औषधदुकानदार
स्थळ: तेच टेबल
तारीख: भावाचा वाढदिवस, आकडे वकीलबाईंनी शिक्क्याखाली घातले आहेत.