डाव्या हाताची पळी

भाईंदर,
ता. ८ ऑगस्ट १९३७

प्रिय परशुरामभाऊ यांस,

स. न. वि. वि. मायकेलला जाऊन तीन महिने झाले आणि तुमच्या सांत्वनाच्या पत्राला आज उत्तर लिहितो आहे. क्षमा असावी. शाळेच्या कामात होतो असे लिहिणार होतो, पण ते खरे नाही.

त्याची बायको टेरेझा मुंबईची खोली सोडून इकडे भाईंदरजवळच्या डोंगरी गावाला माहेरी आली आहे. तिने माझ्या भावाची हत्यारांची पेटी माझ्याकडे पाठवली. बी.ए. झालेल्या मला त्यातले एकही हत्यार ओळखता येत नाही. बिनआरीचा एक लाकडी भोवरा आहे. चरबीने चिकट झालेली जाड कापडाची घडी आहे. माझी बायको मॅबेल ती धुवायला निघाली होती. आणि एक लोखंडी पळी. तिची चोच ठोकून बुजवली आहे आणि उलट्या बाजूला नवी काढली आहे. असे का?

खरे विचारायचे ते वेगळेच. दोन वर्षांपूर्वी त्याने आईला डाव्या हाताने माती दिली. उजवा कोटाच्या खिशातून काढलासुद्धा नाही. मी त्याला फार कडक पत्र लिहिले. त्याचे उत्तर कधी आले नाही, आणि त्याच्या दफनाला मी पोचेपर्यंत सारे आटोपले होते. तुम्ही वीस वर्षे त्याच्याबरोबर नळकाम केलेत. तो माझ्यावर रागावूनच गेला का?

तुमचा लोभ माझ्या आळसाने आटू नये.

आपला,
एरिक

नवघर,
ता. १४ ऑगस्ट १९३७

ती. एरिक मास्तर यांस परशुरामचा नमस्कार.

कापड धुतलेत तर मायकेल वरून शिव्या घालील. शिशाचा सांधा ऊन असतानाच त्या कापडाने पुसून गोल करतात. त्यात चरबी मुरायला वर्षे लागतात. भोवरा नळीत ठोकला की तिचे तोंड रुंद होते. खेळायचा न्हाय तो, मास्तर.

पळी मीच ठोकून दिली. शिसे उजव्या हाताने ओततात, म्हणून चोच डावीकडे असते. एका शेठच्या बंगल्यात आंघोळीच्या पाण्याचा मोठा बंब जोडत होतो. नळीत थोडे पाणी राहिले होते. तापलेले शिसे त्यावर पडले ते उसळून वर आले. मायकेलच्या उजव्या हाताची बोटे आकसून तळव्याला चिकटली. तुमची आई गेली त्याच्या दोन महिने आधीची गोष्ट. पुढे तो सगळे काम डाव्या हाताने शिकला.

तुम्हाला कळवायचे नाही, अशी त्याने मला शपथ घातली होती. हा धंदा धरू नको, असे तुम्ही त्याला बजावले होते ना. तुमचे पत्र आल्यावर तो डाव्या हाताने उत्तर लिहायला बसला, अक्षर बघून हसला आणि कागद फाडला. मी लिहून देतो म्हटले, तर म्हणाला, "मास्तरला माझंच अक्षर पायजे."

रागावला होता का, ते मला ठाऊक न्हाय. खोटे कशाला लिहू? पण टेरेझावहिनी समजतात की तुम्हाला हाताचे ठाऊक होते, आणि तरी तुम्ही तसे लिहिलेत.

घरी सर्वांना नमस्कार. आमच्यावरची माया ढळू नये.

परशुराम

भाईंदर,
ता. १७ ऑगस्ट १९३७

प्रिय परशुरामभाऊ यांस,

स. न. वि. वि. खोटे लिहिले नाहीत, हे उपकार. मला ठाऊक नव्हते, हे वाक्य मी या पत्रात चार वेळा लिहून खोडले. ते खरे आहे, पण त्यात माझी सुटका नाही. त्या दिवशी तो माझ्याशेजारी उभा होता. हाताला काय झाले, एवढेच विचारायचे होते. ते न विचारता मी घरी येऊन दोन पाने लिहिली, आणि लिहून झाल्यावर भाषा चांगली साधली म्हणून मला बरेही वाटले होते.

पेटी तुमच्याकडे पोचवतो. ती कामात असावी.

मागे राहिलेल्या भावावर लोभ ठेवा, असे लिहायला आज धीर होत नाही. तरी लिहितो.

एरिक

ता. क. उद्या डोंगरीला टेरेझाकडे जाणार आहे.