घोळीच्या दोन गोण्या

५ ऑगस्ट, दुपार
आज तीर्थपुरीच्या बाजारात अर्पितानं मला इचारलं, तुमच्या शेतात घोळ भेटंल का. त्याच टायमाला माझं आयुष्य बदललं. आजपतोर घोळ म्हणजे कपाशीतलं तण. आता न्हाई.
अर्पिता बचत गटाच्या बायांसंगं रानभाजी महोत्सवात स्टॉल लावून राह्यली. तेरा तारखेला. पहिला नंबर आला की गट जिल्ह्याला जाणार. मी म्हणलं, भेटंल. ती हसली. बिलकुल माझ्याकडंच बघून.
निश्चय : तेरा तारखेपतोर कोणालाच हाणायचं न्हाई. मोबाईलवर वाचलं, घोळ थंड असते. रोज खायची. बीएस्सी सेकंड इयरला सरांच्या टेबलावर मूठ आपटली, तवा घोळ खाल्लेली असती तर कॉलेज सुटलं नसतं. (टेबल मोडलं न्हाई. करंगळी मोडली.)

७ ऑगस्ट
दोन्ही टाइम घोळ. माय म्हणली, बकरं झाला का रे तू. सहन केलं.
दुपारी खताच्या दुकानातला कल्याण भेटला. हा अर्पिताला दोनदा गाडीवर सोडायला गेल्ता. मी घोळीचं सांगितलं तर म्हणतो, दोन पंप तणनाशक मारलं की खल्लास. खल्लास म्हणताना माझ्याकडं बघत होता. हाणला. म्हणजे हाणायला गेलो, त्यानं आधी हाणलं. नाकातून रक्त.
बांधावर कंबरमोडी होती. पाला चोळून जखमेवर लावला की रक्त थांबतं. मी नाकात कोंबला. रक्त थांबलं, श्वासही थांबला. शिंकलो. सगळा पाला कल्याणच्या पांढऱ्या शर्टावर. हा माझा वार धरायला हरकत न्हाई.

९ ऑगस्ट
शेतात खुरपायला बाया आल्त्या. संध्याकाळी जाताना बाया तणातली भाजी ओटीत घेऊन जातात. घोळ, तांदुळजा, पाथरी, जे सापडंल ते. कोणी मागत न्हाई, कोणी देत न्हाई. ती त्यांचीच असते. पण आज ती अर्पिताची होती.
शांतपणे सांगितलं, भाजी ठेवा. हसल्या. साळू मावशी म्हणली, लेकराला ऊन लागलं. मंग माझं सटकलं. मावशीच्या ओटीतून घोळीची मूठ ओढली. कानाखाली असा जाळ निघाला की कपाशी दोन-दोन दिसली.
"नाव माऊली, अन् बाईच्या ओटीत हात घालतो, मुडद्या!"
सगळ्या बायांनी ओट्या तिथंच झटकल्या अन् निघून गेल्या. सगळी भाजी माझी. फत्ते. गालावर घोळ वाटून लावली. गार वाटतं. अर्पिताला हेही सांगायचं.

१० ऑगस्ट
खुरपायला कोणीच आलं न्हाई. बाप म्हणून अण्णा घरोघर फिरून आले. आमच्या शेतात पाय ठेवणार न्हाई म्हणतात बाया. अण्णांनी चप्पल फेकून मारली. चुकवली. दुसरी लागली.
मी एकटाच खुरपलो. दोन खताच्या गोण्या घोळीनं ठासून भरल्या. पायानं दाबल्या, सुतळीनं तोंड आवळलं, पत्र्याच्या शेडात टाकल्या. हात लावील त्याचा हात तोडीन असं मोठ्यानं बोललो. ऐकायला फक्त म्हैस होती.

१२ ऑगस्ट
खुरपणीला माणूस न्हाई म्हणून अण्णांनी फवारायला कल्याणलाच बोलावलं. हा योगायोग न्हाई, युद्ध हाय. खुरपं घेऊन धावलो. सरीत पाय अडकला, तोंडावर आपटलो. अण्णा पाठीवर बसले अन् कल्याणला म्हणले, मार तू निवांत.
मातीत तोंड ठेवून शेतातली सगळी घोळ जाताना पाह्यली. पण आतून हसत होतो. गोण्या शेडात हायेत. उद्या आख्ख्या तालुक्यात घोळ फक्त माझ्याकडं. दात आघाड्याच्या काडीनं घासले. उद्या बोलायचंय.

१३ ऑगस्ट, संध्याकाळ
एक गोणी खांद्यावर घेऊन महोत्सवाच्या हॉलमध्ये गेलो. अर्पिताच्या टेबलावर सगळ्या भाज्यांच्या चिठ्ठ्या, घोळीच्या चिठ्ठीमागं रिकामी परात. बराबर वेळेवर आलो म्हणलं. सगळ्यांसमोर सुतळी कापली.
आत हिरवा चिखल. तीन दिवस कोंडून, उकडून, नासून गेल्ती. वास असा की परीक्षक मॅडम पदर नाकाला लावून पुढच्या टेबलाकडं गेल्या. आल्याच न्हाईत परत.
मी म्हणलं, कल्याणनं फवारलं, अण्णांनी दाबून धरलं, बाया निघून गेल्या, त्याला मी काय करू. टेबलामागं साळू मावशी बसली होती. मला वाटलं, पुन्हा देईल एक. तिनं मान वळवली. दिली असती तर बरं झालं असतं.
अर्पिता चिडली न्हाई. हळू बोलली, तेच वाईट.
"मी तुला आण म्हणलं न्हवतं, माऊली. भेटंल का, इतकंच इचारलं. आणणार मावशी होती. तुमच्याच शेतातून, ओटीत."
मला कोणाला तरी हाणायचं होतं. आजूबाजूला पाह्यलं. मीच होतो.
ती म्हणली, हे घेऊन जा आता, अन् जाताना दार लाव, माशा यायल्यात.
गोणी उचलली. पाठीवरून पाणी गळत होतं. माशा माझ्यासंगंच बाहेर आल्या. मी दार लावलं.