चौथ्या फेरीतलं ‘आम्ही’

३ जून

ती. स्व. मामांस,
शि. सा. न. वि. वि.

फोनवर तुम्हाला माझं निम्मं ऐकू येत नाही आणि उरलेलं निम्मं तुम्ही मनाने रचता, म्हणून पत्र. त्या सॉफ्टवेअर कंपनीतल्या मुलाखतीच्या पाच फेऱ्यांपैकी चार झाल्या. पहिलीत कॉम्प्युटरने माझी परीक्षा घेतली, दुसरीत माणसाने, पण फरक फारसा कळला नाही. तिसरीत पांढऱ्या फळ्यावर प्रोग्राम लिहिला, निम्म्यात मार्कर वाळला. चौथीत मात्र मी सपशेल आपटले, आणि त्याला जबाबदार तुम्ही!

तुमच्या शिलाई मशीन दुरुस्तीच्या दुकानात बसून बसून तुमचा नियम माझ्या जिभेवर बसलाय: काम साधलं तर ‘आम्ही’ केलं म्हणायचं, बिघडलं तर ‘मी’. मुलाखत घेणाऱ्या चष्मेवाल्या बाईंनी जुन्या नोकरीतलं काम विचारलं. मी सांगितलं की बसच्या तिकिटांची यंत्रणा आम्ही उभारली, तिचा वेग आम्ही दुप्पट केला आणि ती दोन दिवस बंद पाडली ती मी. बाईंनी शांतपणे विचारलं की बंद पाडण्याखेरीज माझं स्वतःचं असं काही काम आहे का.

आठ महिने घरी बसलेय, मामा. दुसरीकडून कुठून बोलावणंही नाही. तरी शेवटच्या फेरीला बोलावलंय, बारा तारखेला, त्याच बाईंसमोर. मला रडू येतंय आणि तुमचा रागही.

राग माझा चालू राहील, तुम्ही लोभ चालू ठेवावा ही विनंती.

तुमची,
भिंगरी


७ जून

चि. भिंगरीस,
अनेक आशीर्वाद.

पाच फेऱ्या? एवढ्यात माणूस निवडणूक जिंकतो!

अगं वेडाबाई, तो नियम थोर वगैरे काही नाही, शुद्ध लबाडी आहे. गिऱ्हाइकांशी गप्पा मी मारतो, मशीन आतल्या खोलीत तुझी मामी उघडते. ‘मी केलं’ म्हणायला जीभ रेटेना आणि ‘हिने केलं’ म्हणायला लाज वाटे, म्हणून ‘आम्ही’. ‘मी बिघडवलं’ हे मात्र अक्षरशः खरं असायचं. तू त्याचे संस्कार करून बसलीस! बारा तारखेला बेलाशक ‘मी’ म्हण. ही मागे उभी राहून वाचतेय, आता पेन हिसकावून घे...

भिंगरे, मी मामी. अठ्ठावीस वर्षं मी या ‘आम्ही’त भाडेकरूसारखी राहिले. तू राहू नकोस. यंत्रणा तू उभारलीस ना? मग तसंच सांग, आणि सांगताना आवाज बारीक करू नकोस.

दोघांचा लोभ आहेच. माझा जरा जास्त.

मामी (आणि मामा)


१५ जून

ती. स्व. मामींस,
शि. सा. न. वि. वि.

या खेपेला पत्र तुम्हालाच.

बारा तारखेला इतक्यांदा ‘मी’ म्हटलं की घसा कोरडा पडला. बाईंनी विचारलं की हे सगळं मागच्या वेळी कुठे गेलं होतं. मी खरं तेच सांगून टाकलं: दुकान, मामांच्या गप्पा, आतल्या खोलीतल्या तुम्ही. वाटलं, संपलं. बाईंनी चष्मा काढला, दाराकडे एकदा पाहिलं आणि हळूच म्हणाल्या की त्यांचे साहेब प्रत्येक भाषणात ‘आम्ही’ म्हणतात ना, ते ‘आम्ही’ म्हणजे त्या एकट्याच.

मग त्यांनी मला एक तारखेला रुजू व्हायला सांगितलं. मी तिथेच रडले, मामी. त्याही थोड्या.

आता माझं एक ऐका. पुढचं गिऱ्हाईक मामांचं कौतुक करायला लागलं की हातातला स्क्रूड्रायव्हर न ठेवता तशाच बाहेर या.

लोभ असू द्यावा. त्यात मामांचा वाटा किती, ते तुम्ही ठरवा.

तुमची,
भिंगरी