दुसरीचं प्रगतिपत्रक

प्रिय हर्षू,

चार दिवस तुला फोन लावतेय आणि तू उचललास की ‘जेवलीस का’ एवढंच विचारून ठेवून देतेय. म्हणून हे पत्र. महेशमामा उद्या नाशिकहून सायखेड्याला येतोय, त्याच्या हाती पाठवते. अकरावीच्या अर्जात तू गणित घेतलं नाहीस, असं आई म्हणाली. शनिवारी शेवटची तारीख आहे ना? त्याआधी हे वाच.

डी.एल.एड.च्या सराव पाठाला माझ्या वर्गात एक मुलगी आहे. मी गणित फळ्यावर पूर्ण लिहायच्या आधीच ती म्हणते, “मॅडम, मला नाही येणार.” मग खरंच येत नाही. कमी गुण पडले की म्हणते, “बघा, म्हटलं होतं ना!” ती अगदी तुझ्यासारखी बोलते.

बापू म्हणायचे, “थोरली मास्तरीण व्हईल, धाकटीचं डोकं नाय चालत.” चाचणीच्या आदल्या दिवशीही कांदे काढायला तुलाच न्यायचे. तू अर्धा पेपर कोरा देऊन यायचीस. मला सगळे हुशार म्हणायचे, ते खोटं ठरू नये म्हणून मी धास्तीनं अभ्यास करायचे, आणि गुण वाढत जायचे. दहावीला तुला गणितात एकेचाळीस पडले तेव्हा तू चक्क हसलीस. आणि तीच तू, दुकानदार कॅल्क्युलेटर काढेपर्यंत ठिबकच्या नळ्या किती लागतील ते सांगून मोकळी होतेस!

तेव्हा घरात नीट वाचता फक्त मला यायचं. प्रगतिपत्रकं मी वाचून दाखवायचे, मग बापू अंगठा द्यायचे. तू दुसरीत होतीस, मी सहावीत. त्या वर्षी बापू म्हणाले होते, जिचं डोकं चालेल तिलाच पुढं शिकवू. माझ्या गणितापुढे ब-२ होतं. तुझ्यापुढे अ-१.

हर्षू, मी तुझं अ-१ माझं म्हणून वाचलं आणि माझं ब-२ तुझं म्हणून. तू दारात उभी होतीस. माझ्याकडे बघितलंस आणि मान खाली घातलीस.

तुझं ते प्रगतिपत्रक नऊ वर्षं माझ्या फायलीत होतं, आता या पाकिटात आहे. माफी मागायची हिंमत नाही. शनिवारी पहिल्या एसटीनं येतेय. मी आले की बापूंना ते वाचून दाखवायचंय. या वेळी तू वाच. मी दारात उभी राहीन.

तुझीच,
ताई