तोंडी आदेश

३ नोव्हेंबर, सोमवार
पेन्शनरांचा हयातीच्या दाखल्याचा महिना. बँकेतल्या मुलीचा ह्यांना फोन. "काका, तुम्ही त्रास घेऊ नका, आम्ही घरी येऊन दाखला करून देतो." ह्यांनी पुरतं ऐकलंसुद्धा नाही, ठेवलाच. "सरकारी काम कोणी एवढं गोड बोलून करत नाही. ठग आहे." दुपारी भाजीला गेले तेव्हा मीच बँकेत विचारून आले. मुलगी खरी होती. सांगितलं तर म्हणाले, "मग नोकरीत मुरायची आहे अजून."
ह्यांचा जन्म सरकारी कचेरीत गेला. हेडक्लार्क होते. निवृत्त झाले ते फक्त पगारापुरते.

६ नोव्हें., गुरुवार
पुन्हा दाखल्याचाच फोन, "पेन्शन शाखेतून". आधी बराच वेळ ताटकळत ठेवलं, मग पलीकडचा खेकसला. मला ओट्यापाशी ऐकू आलं. "कागद अपुरे आहेत तुमचे. तयारी नसताना फोन कशाला घेता?" ह्यांनी लगोलग आधार कार्ड, सही, सगळ्याचे फोटो पाठवले. वर हात चोळत, "ह्याला म्हणतात ऑफिस. मीही असाच बोलायचो."
मला बरं नाही वाटलं. का ते सांगता येईना.

८ नोव्हें., शनिवार
सकाळीच इस्त्रीचा शर्ट, पायात बूट. वाटलं कुठे निघाले. तर आतल्या खोलीत गेले नि कडी लावली. नुसतं "होय साहेब", "नाही साहेब". चहा दाराशी गार झाला.
बाहेर आल्यावर विचारलं, कोण होतं?
"गोपनीय."
हा शब्द बऱ्याच वर्षांनी घरात आला. ह्यांचा धाकटा भाऊ तेव्हा ह्यांच्याच खात्यात. त्याच्या बदलीची ऑर्डर ह्यांच्या टेबलावर पडलेली. भाऊजी रविवारी जेवायला आले, ह्यांनी आग्रह करकरून श्रीखंड वाढलं, तोंडातून ब्र नाही. गडचिरोलीला जायचंय हे भाऊजींना ऑफिसात कळलं.

९ नोव्हें., रविवार
मुग्धा खराडीहून आली. लेकीला स्वयंपाकघरात सगळं सांगितलं. पांढरी पडली. "आई, हे लोक गुन्ह्यात नाव आलंय म्हणून घाबरवतात, अटक केली म्हणून व्हिडिओ कॉलवर बसवून ठेवतात. अशी अटक कायद्यात नाहीच." बाबांशी बोलायला गेली.
"तुझं ऑफिस काचेचं. तुला सरकार काय कळणार?"
पानावरून उठले. मुग्धानं सायबर तक्रारीचा नंबर फ्रिजवर चिकटवला नि डोळे पुसत गेली.

१० नोव्हें., सोमवार
फोन आता दिवसभर चालू. टेबलावर पुस्तकाला टेकवून ठेवलेला, समोर हे. दाराशी कान लावला.
"साहेब, लघवीला जाऊन येऊ?"
हे आत शिरले की अख्खी शाखा उभी राहायची, आणि आता... भीती वाटते आहे. राग त्याहून जास्त.
कपाट बघितलं. ठेवीच्या पावत्या जागेवर नाहीत. ह्यांच्या ऑफिसच्या बॅगेत आहेत. आमच्या म्हातारपणाची सगळी भिस्त त्यावर.

११ नोव्हें., मंगळवार
बॅग घेऊन निघालेच. जिन्यात अडवलं. तेव्हा कुठे बोलले, तेही कुजबुजत. खातं कसल्याशा गुन्ह्यात सापडलंय, तपास होईतो ठेवी मोडून "सरकारी खात्यात" भरायच्या, बायकोलाही सांगायचं नाही. रडले असते तर परवडलं असतं. ताठ उभे.
मुग्धानं सांगितलेलं सगळं सांगून झालं. हलेनात. मग माझ्या तोंडून निघून गेलं, "लेखी आदेश आहे? जावक क्रमांक? तोंडी आदेशावर तुम्ही कधी एक कागद तरी हलवलात?"
थांबले. पायरीवर बसून फोन लावला नि जावक क्रमांक मागितला. तो आधी शिव्यांवर आला. मग म्हणाला, पाठवतो. पाच मिनिटांत मोबाइलवर आदेश. सही, शिक्का, क्रमांक, सगळं.
हे बघतच राहिले.
"पाच मिनिटांत? सरकारचा आदेश?"
वर आले, बूट काढले. फ्रिजवरच्या नंबरवर तक्रार मी केली, बँकेलाही कळवलं. हे शेजारी बसून होते.

१३ नोव्हें., गुरुवार
रोज नवे नंबर. हे घेत नाहीत. पण फोन वाजला की उभे राहतात.
शर्ट अजून इस्त्रीचाच.

१५ नोव्हें., शनिवार
आज माझ्या फोनवर. आवाज मऊ, सभ्य. "ताई, सायबर शाखेतून बोलतोय." आमचा बिबवेवाडीचा पत्ता, मुग्धाची खराडीतली बिल्डिंग, सगळं त्याला ठाऊक. "साहेबांनी पहिल्याच दिवशी जी रक्कम पाठवली ना, ती परत मिळवून देतो. फक्त त्यांना कळू देऊ नका."
कळू देऊ नका म्हणाला तिथेच ओळखला. ठेवला. त्यांच्यातलाच आहे, खोटंच बोलणार.
तरी ह्यांना विचारलं. "पहिल्या दिवशी काही पाठवलं होतंत का?"
पेपरातून मान वर केली नाही. "चहा टाक."
भाऊजींना श्रीखंड वाढताना ह्यांचा चेहरा असाच होता.
सोमवारी पासबुक भरून घ्यायला बँकेत जायचं. ह्यांना सांगून की न सांगता, ते ठरत नाही.