कॅप्टनचा फोन तुम्ही घेतला होतात

बाबा, माझ्या कॅप्टनचा फोन तुम्ही घेतला होतात, हे मला मागच्या मंगळवारी कळलं. तुम्हाला जाऊन अकरा वर्षं झाली आणि हे मला आत्ता कळतंय. अमेरिकन लष्कराकडे माझी जुनी फाइल मागितली होती, ती आली, चांगलं जाडजूड पाकीट. प्लेनो शहरात एक वकीलबाई आहेत, माझ्यासारख्यांचे अर्ज भरायला मदत करतात, त्यांच्या ऑफिसात बसून आम्ही ती चाळत होतो. मधेच एका पानावर त्यांनी बोट ठेवलं आणि विचारलं, हे तुला माहीत होतं का? पाच ओळींची नोंद होती. सैनिकाच्या घरी फोन केला, वडिलांशी बोलणं झालं. पत्नीची तब्येत उत्तम आहे, ती आत्ता स्वयंपाक करते आहे, असं वडील म्हणाले. सबब रजेचं कारण खोटं दिसतं. खाली कॅप्टनची सही. मी तीनदा वाचलं. दुसऱ्या कोणाचं पान चुकून माझ्या फाइलीत आलंय का, असंही विचारलं. बाईंनी वर लिहिलेला आपल्या घरचा नंबर दाखवला.

तुम्हाला आठवण करून देतो, कारण आपण यावर कधी धड बोललोच नाही. लष्करातून बाहेर पडताना एक कागद मिळतो, कसे बाहेर पडलात ते त्यावर छापलेलं असतं. माझ्या कागदावर सन्मानाने नाही, असं आहे. न सांगता सदतीस दिवस गायब होतो म्हणून. त्या कागदापायी माझा गुडघा, जो त्यांच्याच ट्रेनिंगमध्ये गेला, त्यांच्या हॉस्पिटलात दाखवता येत नाही, आणि फायर डिपार्टमेंटने भरतीत मला दोनदा परत पाठवलं. तो शेरा बदलून मिळावा म्हणून अर्ज करता येतो, पण पंधरा वर्षांच्या आत. माझे दोन महिने उरलेत. आणि इतकी वर्षं मी त्या कॅप्टनच्या नावाने बोटं मोडत आलो. आई मरायला टेकली असताना रजा नाकारणारा राक्षस, असं मी बायकोला सांगितलं, मित्रांना सांगितलं, परवापरवापर्यंत सांगत होतो. त्या बिचाऱ्याने तर घरी फोन करून खात्री करून घेतली होती.

आता तुमचं. आईच्या पोटातल्या गाठीची बातमी तुम्ही मला गाडीतून फोन करून दिली होतीत, इंडियन ग्रोसरीच्या पार्किंगमधून, घरात बोलता येत नव्हतं म्हणून. तुमचं पहिलं वाक्य गाठीबद्दल नव्हतंच. "आईला कळता कामा नये," हे होतं. डॉक्टर इंग्रजीत सांगायचे, आई तुमच्या तोंडाकडे बघायची, आणि तुम्ही मराठीत भलतंच सांगायचात. ॲसिडिटी, आतड्याला सूज, ताकदीचं सलाईन. दुभाषी देऊ का, असं हॉस्पिटलने विचारलं तर म्हणालात, मी आहे ना. मराठी मंडळातल्या काकू ॲसिडिटीवर कोकमाचं सार घेऊन यायच्या आणि तुम्ही दारात उभं राहून हसून डबा घ्यायचात. मला तेव्हा यात काही वावगं वाटलं नाही. आपल्यात असंच करतात, माणूस खचू नये म्हणून. आजोबांनाही त्यांचा आजार कुठे सांगितला होता?

मंगळवारपासून तो फोन माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही. संध्याकाळ आहे. तुम्हाला कमी ऐकू येतं म्हणून फोन नेहमीसारखा स्पीकरवर आहे. आई ओट्याशी उभी आहे, मधेच टेकते, पुन्हा उठते, कारण पोळ्या तिलाच करायच्या आहेत. आणि एक अनोळखी आवाज अख्ख्या स्वयंपाकघरात विचारतो, तुमची पत्नी गंभीर आजारी आहे हे खरं का? डॉक्टरांचं बोलणं नाही, पण एवढं इंग्रजी आईला कळायचं. तुम्ही काय करणार होतात? मला कळतं हो. पण फोन उचलून बाहेर पॅटिओत जाता आलं असतं. रात्री गाडीत बसून त्याला परत फोन करता आला असता, माझ्याशी नाही का बोलायचात तसं. एक फोन, बाबा. तुम्ही तो केला नाहीत. रजा नामंजूर झाली आणि मी तसाच निघून आलो.

आई गेली, मी परत तळावर हजर झालो. त्यांनी कागद पुढे ठेवला, कोर्टात उभा राहतोस की सही करून घरी जातोस. आई गेल्याचं मी तिथे बोललोसुद्धा नाही. रजा नाकारताना कॅप्टन एकदा खोटारडा म्हणाला ना, मग त्याच्यापुढे मी तिच्या मरणाचा दाखला नाचवणार नव्हतो. सही करून आलो. तर डायनिंग टेबलाशी बसून, पेपरची घडी घालत तुम्ही काय म्हणालात? "रीतसर रजा मागायची होतीस. या देशात नियमाने मागितलं की सगळं मिळतं." मी मान खाली घालून ऐकून घेतलं. तेव्हा तुम्हाला तो फोन आठवत होता की नव्हता, हे मला आता कोण सांगणार? आठवत असेल तर तुम्ही माझ्याशी फार वाईट वागलात. आठवत नसेल तर त्याहून भयंकर, कारण मग ते खोटं तुम्हाला खोटं वाटतच नव्हतं.

अर्जासोबत शपथपत्र लागतं. मी आधी लिहिलं, वडिलांचा काही गैरसमज झाला असावा. वकीलबाईंनी ते खोडलं. म्हणाल्या, गैरसमज कसला, दर आठवड्याला हॉस्पिटलमध्ये तेच तर घेऊन जात होते. वडील खोटं बोलले, असं सरळ लिही, नाहीतर अर्ज तपासणारं बोर्ड तुलाच खोटं ठरवेल. दोन दिवस माझ्याने ते वाक्य लिहवेना. शुक्रवारी लिहिलं, सही केली आणि पाठवून दिलं. निकाल यायला वर्षही लागेल म्हणतात.

हे पत्र काही कुठे पाठवायचं नाही, म्हणून एवढं सांगून टाकतो. त्या सदतीस दिवसांतल्या एका दुपारी तुम्ही औषधं आणायला गेला होतात. आईने माझा हात धरला आणि म्हणाली, "ह्यांना विचारून उपयोग नाही. तू सैन्यातला आहेस, तू घाबरणार नाहीस. मला काय झालंय?" मी म्हटलं, "काही नाही गं, महिन्याभरात हिंडायला लागशील." तिने हात सोडला, पुन्हा कधी विचारलं नाही. अकरा दिवसांनी गेली. शपथपत्रात तुमचं खोटं लिहिलंय, बाबा. माझं लिहिलेलं नाही.